एकोणीसच्या पोटातली अठरा अंकी संख्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. आठवीतल्या मुलीच्या वहीत एक कोडे आले: अशी पूर्ण संख्या शोधा, जिचा एककाचा अंक उचलून सगळ्यांच्या पुढे नेऊन ठेवला की संख्या बरोबर दुप्पट होते. तिने दोन अंकी, तीन अंकी, चार अंकी संख्या तपासल्या, काही हाती लागेना. मग कुठूनतरी उत्तर मिळाले: १०५२६३१५७८९४७३६८४२. आता तुम्हाला तीन गोष्टी हव्या आहेत. ही संख्या कुणाला सुचली कशी, याहून लहान संख्या खरेच नाही का, आणि तिच्यात आणखी काही गमती दडल्या आहेत का.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘खूप’ असे आहे. पण सुरुवात पहिल्यापासून करू, कारण एकदा संख्या स्वतःच्या हाताने लिहून काढली की बाकीच्या गमती तिथेच अर्ध्या दिसू लागतात. मी तीस वर्षे शाळेत गणित शिकवले आणि स्पर्धा परीक्षांना बसणाऱ्या मुलांची तयारी करून घेतली. हे कोडे मी दरवर्षी फळ्यावर लिहायचो. उत्तर शोधायला हुशारी लागत नाही, बेचा पाढा लागतो.

आधी खात्री करून घ्या. १०५२६३१५७८९४७३६८४२ ची दुप्पट २१०५२६३१५७८९४७३६८४. शेवटचा २ पुढे गेला, बाकी सगळे अंक एकेक घर उजवीकडे सरकले.

आता असे समजा की उत्तर ठाऊक नाही. फक्त एवढेच ठरवू की शेवटचा अंक २ आहे. शेवटी २ असेल तर दुपटीच्या शेवटी ४ येणार. पण दुप्पट म्हणजे तीच संख्या एक घर सरकलेली. म्हणून दुपटीचा शेवटचा अंक हाच मूळ संख्येचा शेवटून दुसरा अंक. झाले, दुसरा अंक मिळाला: ४. मग बे चोक आठ, तिसरा अंक ८. बे आठी सोळा, सोळाचे सहा, हातचा एक. चौथा अंक ६. बे सक बारा आणि हातचा एक तेरा. तेराचे तीन, हातचा एक. बे त्रिक सहा आणि एक सात. बे साती चौदा, चौदाचे चार, हातचा एक. बे चोक आठ आणि एक नऊ. बे नवे अठरा, अठराचे आठ, हातचा एक. असे उजवीकडून डावीकडे लिहीत जायचे. प्रत्येक अंक पुढच्या अंकाला जन्म देतो. शोधायचे काही नाहीच, फक्त कुठे थांबायचे ते कळले पाहिजे.

आणि नेमके तिथेच वर्गातली निम्मी मुले चुकतात. बाराव्या पायरीला अंक येतो १. बे एके बे! ‘दोन परत आला’ म्हणून कुणीतरी ओरडतो आणि पेन खाली ठेवतो. त्याच्या वहीत उत्तर असते १५७८९४७३६८४२. तपासून बघा: याची दुप्पट ३१५७८९४७३६८४ येते, पुढे २ नव्हे, ३ आहे. कारण तो १ एकटा नव्हता, अकराचा एक होता, त्याच्याबरोबर हातचा होता. बे एके बे आणि एक तीन. हातचा विसरला. दुसरा सापळा पंधराव्या पायरीला आहे. तिथे खरोखरच अंक २ येतो, पण तो बाराचा दोन, पुन्हा हातच्यासकट. तिथेही थांबायचे नाही. पुढे ५, मग ०, मग १, आणि त्या एकाला हातचा नसतो. बे एके बे, हातचा काही नाही. आता मात्र सुरुवातीची स्थिती जशीच्या तशी परत आली. मोजा, अठरा अंक झाले.

म्हणून मुलांना मी सांगायचो की नुसता अंक लिहू नका, हातच्यासकट पूर्ण किंमत लिहा. सोळाचे नुसते ६ नको, १६ लिहा. तसे केले की ही साखळी मिळते:

२, ४, ८, १६, १३, ७, १४, ९, १८, १७, १५, ११, ३, ६, १२, ५, १०, १

आणि मग पुन्हा २. या ओळीकडे जरा वेळ बघा. १ ते १८ मधली प्रत्येक संख्या एकदाच आली आहे, एकही चुकलेली नाही, एकही दोनदा नाही. मुलांना हे दाखवल्यावर वर्ग शांत व्हायचा.

असे का होते? सोळाचे तेरा झाले ती पायरी घ्या. सोळाची खरी दुप्पट ३२. आपण मात्र सहाची दुप्पट केली आणि हातचा एक मिळवला, १३ आले. सोळामधला १ दहाच्या घरात होता. दुप्पट केला असता तर त्याचे वीस झाले असते. त्याऐवजी तो हातचा म्हणून नुसता एक होऊन आला. वीसच्या जागी एक, म्हणजे एकोणीस कमी. ३२ वजा १९ बरोबर १३. म्हणजे हातचा घेत घेत आपण नकळत काय करत होतो? दरवेळी दुप्पट करायची आणि एकोणीसच्या पुढे गेले की एकोणीस वजा करायचे. दोनचे घात घ्या, प्रत्येकाला १९ ने भागा आणि बाकी लिहा: २, ४, ८, १६, ३२ ची बाकी १३, ६४ ची बाकी ७. तीच साखळी. १९ ने भागून शून्याखेरीज १८ च बाक्या उरू शकतात, आणि दोनचा घात त्या सगळ्या घरांना एकेकदा भेट देऊन मगच परततो. अठरा अंक येतात ते यामुळे.

इथे मराठीने आपल्याला आधीच सगळे सांगून ठेवले आहे. एकोणीस म्हणजे एक उणा वीस. इंग्रजी माध्यमाच्या मुलाला ‘नाईन्टीन’मध्ये नऊ आणि दहा दिसतात. मराठी मुलाला वीस दिसतात, एक कमी असलेले. वीसमध्ये दहा आहेत (आपली अंकपद्धती) आणि दोन आहेत (आपली दुप्पट). दहा गुणिले दोन वजा एक. कोड्याचे सगळे रहस्य त्या एका शब्दात आहे.

आता दुसरा प्रश्न, सर्वात लहान हीच कशावरून. संख्येचा शेवटचा अंक ब म्हणा आणि त्याच्या डावीकडचा सगळा भाग अ. मूळ संख्या झाली १०अ + ब. समजा डावीकडच्या भागात न अंक आहेत. ब उचलून पुढे ठेवला की नवी संख्या होते ब गुणिले १० चा न वा घात, अधिक अ. ही मूळच्या दुप्पट हवी, म्हणजे २०अ + २ब इतकी. इकडचे तिकडे केले की उरते:

१९अ = ब × (१० चा न वा घात − २)

डावीकडे १९ आहे, म्हणून उजवी बाजू १९ ने निःशेष भागली गेली पाहिजे. ब एक अंकी, त्याला १९ ने भाग जाणार नाही. १९ मूळ संख्या आहे, त्यामुळे भाग कंसालाच गेला पाहिजे. म्हणजे १० च्या घाताला १९ ने भागून बाकी २ उरली पाहिजे. दहाच्या घातांच्या बाक्या क्रमाने अशा येतात: १०, ५, १२, ६, ३, ११, १५, १७, १८, ९, १४, ७, १३, १६, ८, ४, २, १. बाकी २ पहिल्यांदा येते ती सतराव्या जागी. तेव्हा डावीकडे किमान १७ अंक, शेवटचा एक धरून १८. यापेक्षा लहान संख्या अस्तित्वातच नाही. तुमच्या मुलीने दिवसभर चार अंकी संख्या तपासल्या असत्या तरी काही मिळाले नसते, हे तिला जरूर सांगा. ती चुकत नव्हती.

(दहाच्या बाक्यांची ही ओळ वरच्या साखळीशी ताडून पाहा. शेवटचा १ सोडला तर तीच साखळी उलटी. दहाने गुणणे आणि दोनने भागणे हे एकोणीसच्या राज्यात एकच काम आहे, कारण दोन दाही वीस आणि वीसची बाकी एक.)

शेवटचा अंक २ च का घेतला? १ पासून सुरुवात केली तर ०५२६३१५७८९४७३६८४२१ मिळते, पुढे शून्य. शून्याने सुरू होणारी संख्या आपण मानत नाही, म्हणून ती बाद. २ ते ९ यांपैकी कोणताही अंक चालतो. ३ ने सुरुवात केली तर १५७८९४७३६८४२१०५२६३, ९ ने केली तर ४७३६८४२१०५२६३१५७८९. अशा आठ संख्या आहेत, आठही एकाच चक्राच्या वेगवेगळ्या ठिकाणी कापलेल्या. बांगडी एकच, तोडायची जागा निराळी. याहून मोठी उत्तरे हवी असतील तर हेच अठरा अंक दोनदा, तीनदा लागोपाठ लिहा: ३६ अंकी, ५४ अंकी. त्यापलीकडे नवीन काही नाही.

या कोड्याची एक प्रसिद्ध गोष्ट आहे. फ्रीमन डायसन (१९२३–२०२०) हे प्रिन्स्टनच्या इन्स्टिट्यूट फॉर ॲडव्हान्स्ड स्टडीमधले नावाजलेले भौतिकशास्त्रज्ञ. शास्त्रज्ञांच्या पंगतीत कुणीतरी हाच प्रश्न टाकला, तेव्हा त्यांनी दोनेक सेकंदांत सांगितले की हे अवघड नाही, मात्र अशी सर्वात लहान संख्या अठरा अंकी आहे. ऐकणारे थक्क झाले. २००९ मध्ये त्यांच्यावरच्या लेखातून ही हकीकत बाहेर आली आणि तेव्हापासून काही लोक या संख्यांना डायसनचे नाव लावतात. त्यांच्या डोक्यात काय चालले असेल याचा अंदाज आता तुम्हीही करू शकता. अठरा अंक त्यांनी शोधले नसावेत. एकोणीस दिसला असावा, आणि एक छेद एकोणीसच्या दशांशात अठरा अंकांचे आवर्तन असते हे ज्याला पाठ आहे त्याला पुढचे सांगायला दोन सेकंद पुष्कळ झाले.

ही संख्या म्हणजे दुसरे तिसरे काही नसून २ भागिले १९ चे दशांश आहे: ०.१०५२६३१५७८९४७३६८४२१०५२६३… १/१९ चे आवर्तन ०५२६३१५७८९४७३६८४२१. याला २ ने गुणा, ३ ने गुणा, १८ पर्यंत कशानेही गुणा, तेच अठरा अंक त्याच क्रमाने फिरून येतात. १९ ने गुणले की अठरा नऊ. बहुतेकांना यातला धाकटा भाऊ माहीत असतो, १४२८५७, म्हणजे १/७ चे आवर्तन. सगळ्याच मूळ संख्या अशा वागत नाहीत. १/१३ चे आवर्तन सहाच अंकी आहे, १/११ चे दोन अंकी. शंभरच्या आत पूर्ण लांबीचे (म्हणजे संख्येहून एकनेच कमी अंकांचे) आवर्तन देणाऱ्या मूळ संख्या नऊ: ७, १७, १९, २३, २९, ४७, ५९, ६१, ९७. अशा संख्या अनंत आहेत का, हे आजही सिद्ध झालेले नाही. एमिल आर्टिन यांनी १९२७ मध्ये अंदाज मांडला की आहेत, आणि सगळ्या मूळ संख्यांपैकी त्यांचे प्रमाण सुमारे ३७.४ टक्के असावे. आठवीच्या भागाकारातून निघालेला प्रश्न, आणि शंभर वर्षे होत आली तरी सुटलेला नाही.

महाराष्ट्रात १/१९ पुष्कळांना ‘वैदिक गणिता’च्या शिकवणीत भेटते. पुरीच्या गोवर्धन मठाचे शंकराचार्य भारती कृष्ण तीर्थ यांच्या निधनानंतर १९६५ मध्ये आलेल्या त्या पुस्तकात ‘एकाधिकेन पूर्वेण’ या सूत्राखाली हेच उदाहरण आहे. रीत अशी: १९ च्या १ मध्ये एक मिळवा, २ झाले, आता २ ने भागत जा. एकाला दोनने भाग: ० आणि बाकी १. ती बाकी पुढे लावून १०, निम्मे ५. पाचाचे निम्मे २, बाकी १. बाकी पुढे लावून १२, निम्मे ६. सहाचे ३. तिनाचे १, बाकी १. अकराचे ५, बाकी १. दशांश डावीकडून उजवीकडे उलगडत जातो, १९ चा पाढा लागतच नाही. रीत उत्तम आहे, मी स्वतः शिकवतो. नावाबद्दल मात्र माझे मत वेगळे आहे. त्या सूत्रांचा वेदांत पत्ता लागत नाही, हे जाणकारांनी केव्हाच दाखवून दिले आहे. आणि रीत चालते ती १९ हा विसाहून एक कमी आहे म्हणून. मुलाला हे कारण सांगितले की तो २९ आणि ३९ साठी स्वतःच रीत बनवतो. नुसते सूत्र दिले की पाठ करतो आणि पुढच्या वर्षी विसरतो.

दुपटीऐवजी तिप्पट हवी असेल तर? एकोणतीस. चौपट? एकोणचाळीस. पाचपट एकोणपन्नास, सहापट एकोणसाठ, सातपट एकोणसत्तर, आठपट एकोणऐंशी, नऊपट एकोणनव्वद. सगळे ‘एकोण’. (पुढचा शब्द एकोणशंभर हवा होता, पण भाषेने तिथे नव्व्याण्णव केले, आणि दहापटीत संख्येला एक अंक वाढतो, त्यामुळे आपले कोडेही तिथेच संपते. हा निव्वळ योगायोग, पण मला आवडतो.) चौपटीचे उत्तर सुटसुटीत आहे: १०२५६४ ची चौपट ४१०२५६. आठपटीचे तेरा अंकी: १०१२६५८२२७८४८. तिपटीचे अठ्ठावीस अंकी, आणि सहापटीचे तर अठ्ठावन्न. पाचपटीला एक पळवाट आहे. ४९ मूळ संख्या नाही, सात साते एकोणपन्नास. म्हणून शेवटचा अंक ७ घेतला की सातचा भाग जातो आणि बेचाळीस अंकांऐवजी सहाच पुरतात. कोणते सहा? १४२८५७. त्याची पाचपट ७१४२८५.

एक व्यावहारिक सूचना. हा पडताळा मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर किंवा स्प्रेडशीटमध्ये करू नका. एकदा एका पालकांनी मला ठणकावून लिहिले की तुमची संख्या खोटी आहे, मी संगणकावर तपासली. त्यांच्या पडद्यावर १०५२६३१५७८९४७३६००० दिसत होते. नेहमीच्या स्प्रेडशीटला पंधरा सार्थ अंकच धरता येतात, सोळाव्यापासून ती शून्ये भरते आणि तसे सांगतही नाही. पायथॉन या संगणकाच्या भाषेत पूर्णांक हवा तेवढा मोठा चालतो. पण सगळ्यात बरे म्हणजे कागद, आडवा धरलेला.

कागद हातात आहेच तर संख्या मधोमध तोडा आणि दोन्ही तुकडे मिळवा:

१०५२६३१५७ + ८९४७३६८४२ = ९९९९९९९९९

फ्रान्समधल्या मिडी यांनी १८३६ मध्ये हा गुण मांडला. कारण वरच्या साखळीतच आहे. नवव्या जागी १८ येते, म्हणजे १९ ला एक कमी. तिथून पुढे प्रत्येक संख्या पहिल्या अर्ध्या ओळीतल्या जोडीदाराला १९ मधून वजा करून मिळते: २ चा जोडीदार १७, ४ चा १५, ८ चा ११, १६ चा ३. एककाचे अंक बघा: २ आणि ७, ४ आणि ५, ८ आणि १, ६ आणि ३. प्रत्येक जोडीची बेरीज नऊ. तीन तुकडे केले तरी नऊच येतात: १०५२६३ + १५७८९४ + ७३६८४२ = ९९९९९९. दोन-दोन अंकांचे नऊ तुकडे केले तर बेरीज ४९५, म्हणजे ९९ ची पाचपट. तिथे शोभा थोडी कमी होते.

नऊ जोड्या, प्रत्येकीचे नऊ, म्हणून अठरा अंकांची बेरीज ८१. आता १/१९, २/१९ असे करत १८/१९ पर्यंतचे दशांश एकाखाली एक लिहा. अठरा ओळी, अठरा स्तंभ. प्रत्येक ओळीची बेरीज ८१ हे उघड आहे, कारण अंक तेच. प्रत्येक स्तंभाचीही ८१, कारण प्रत्येक स्तंभात अठराही बाक्या एकेकदा येतात. पण दोन्ही कर्णांचीही ८१ येते, आणि ते मात्र आपोआप घडणारे नाही. १/७ चा सहा बाय सहाचा चौरस असाच मांडला तर ओळी आणि स्तंभ जुळतात, कर्ण जुळत नाहीत. १/१७ चेही तेच. दशमान पद्धतीत असा पूर्ण जादूचा चौरस देणारी पहिली मूळ संख्या १९ आणि तिच्यानंतरची थेट ३८३. मी कर्ण हाताने मिळवून पाहिले आहेत. पहिल्या कर्णात ०, ०, ७, ५, ५, ९ अशी सुरुवात होते आणि वाटते की हे काही जुळायचे नाही. शेवटचा ८ मिळवला की ८१.

धाकट्या भावाचा उल्लेख आला तर तेही सांगतो: १४२८५७ ने आपल्या संख्येला निःशेष भाग जातो. १४२८५७ × ७३६८४२८४२१०६ केले की आपली संख्या पूर्ण मिळते. कारण तिचे मूळ अवयव २, चार वेळा ३, ७, ११, १३, ३७, ५२५७९ आणि ३३३६६७ असे आहेत, आणि १४२८५७ ला लागणारे तीन तीन, अकरा, तेरा, सदतीस त्यात आहेतच.

या संख्येला नाव काय द्यायचे, असेही तुम्ही सहज विचारले आहे. अब्ज-खर्वाच्या पुढे आपल्याला नावे आठवत नाहीत, पण ती आहेत. भास्कराचार्यांच्या ११५० च्या ‘लीलावती’त एक, दश, शत, सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध अशी दहादहापटीने चढणारी स्थाने दिली आहेत. मोजून अठरा. आपल्या संख्येचा पहिला १ बरोबर परार्धाच्या घरात बसतो आणि शेवटचा २ एककाच्या. परार्ध एक, मध्य शून्य, अंत्य पाच, जलधी दोन, असे खाली उतरत वाचा. लीलावतीची यादी आणि हे कोडे यांचा संबंध नाही, पण एका संख्येने ती सगळी अठरा घरे भरावीत हे मला फार बरे वाटले.

शेवटची गोष्ट देवळालीची. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) हे तिथले शाळामास्तर. ६१७४ या ‘कापरेकर स्थिरांका’मुळे त्यांचे नाव जगभर गेले, पण त्यांच्या नावाच्या संख्या हा निराळा प्रकार आहे. ४५ चा वर्ग २०२५; २० आणि २५ मिळवले की पुन्हा ४५. ७०३ चा वर्ग ४९४२०९. ४९४ आणि २०९ मिळून ७०३. अशा संख्यांना कापरेकर संख्या म्हणतात. १४२८५७ ही त्यातलीच: वर्ग २०४०८१२२४४९, तुकडे २०४०८ आणि १२२४४९, बेरीज १४२८५७.

मग आपल्या अठरा अंकी बांगडीचे काय? १०५२६३… ही कापरेकर संख्या नाही. पण बांगडी अठरा जागी तोडता येते, आणि त्यातल्या एका, एकाच, जागी तोडली की काम होते. ती जागा शोधायला १/१९ च्या आवर्तनाला पुन्हा १९ ने भागायचे. बाकी १५ उरते. आता १५ ला कशाने गुणले की १९ ने भागून बाकी १ येईल? चौदाने: २१० वजा २०९. म्हणून १४/१९ चे आवर्तन घ्यायचे: ७३६८४२१०५२६३१५७८९४. याचा वर्ग छत्तीस अंकी आहे:

५४२९३६२८८०८८६४२६५८१९३९०५८१७१७४५१५२३६

मधोमध तोडा.

५४२९३६२८८०८८६४२६५८ + १९३९०५८१७१७४५१५२३६ = ७३६८४२१०५२६३१५७८९४

पूर्ण वर्ग हाताने करायला बसू नका. मुलीला निदान शेवटचे तीन अंक तपासू द्या: ८९४ चा वर्ग ७९९२३६, शेवटी २३६, जुळले. बेरीज मात्र तिने स्वतः करावी, उजवीकडून, हातचे धरून.